बारा किलो शंभर ग्रॅम

जरीपटका, नागपूर
६ ऑक्टोबर २०२४

मोनाली,

जय भीम. अक्षर बघून दचकू नकोस. डोकं मामाचंच आहे, अक्षर तेवढं मामीचं. तीस वर्षं शाळेत फळा गिरवलेली बाई घरात असताना मी कशाला कागद खराब करू? फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते, आणि मोबाइलच्या काचेवर एकदा बोट टेकवलं की तीन-तीन अक्षरं उमटतात. म्हणून आमची अशी कचेरी बसली आहे. तुझं पत्र मामीने माझ्या डाव्या कानाशी वाचायचं, आणि मी सांगेन ते तिने लिहायचं.

आता कामाचं. विमान तयार झालं. सहा वर्षं लागली. तू मागच्या वेळी पाहिलंस तेव्हा नुसता सांगाडा होता आणि तू त्याला मगर म्हणाली होतीस. आता त्याला पंख, चाकं, रंग, सगळं आहे. लांबी दोन मीटर वीस. इंजिन आणि भरलेली टाकी धरून वजन बारा किलोच्या आसपास जाईल. आता इंजिन निवडायचं आहे, आणि इथेच गाडी अडली आहे. खेळण्यातलं पंख्याचं इंजिन मला नको. खरं टर्बाईन हवं, रॉकेल पिणारं. बाजारात आठ किलो जोराचं मिळतं, दहाचं मिळतं, चौदाचं मिळतं. माझा कल दहाकडे आहे. पण तू त्याच विषयात नोकरी करतेस, तर तुझा शब्द शेवटचा.

का हवं, तेही सांगतो, नाहीतर म्हणशील म्हातारा पोरकट झाला. तेहतीस वर्षं मी टेस्टबेडवर काढली. आलेलं इंजिन लोखंडी चौकटीला बांधायचं, काचेमागून चालवायचं, आकडे लिहायचे, सोडवायचं, पाठवून द्यायचं. माझे कान त्यात गेले. पण त्यातलं एकही इंजिन मी उडताना पाहिलं नाही. सगळी बांधलेलीच पाहिली. एक तरी इंजिन माझ्या हाताने मोकळं सोडायचं आहे, बस.

रामटेक रोडला भैयाजीचं शेत आहे, तिथे त्यांच्या रिमोटची विमानं उडवणाऱ्या मंडळाने गवताची धावपट्टी केली आहे. फेब्रुवारीत उडवायचा विचार आहे. तब्येत छान. चहा अर्धा कपच घेतो हल्ली, मामी म्हणते चांगली सवय लागली.

तुझा
संघपालमामा


बेंगळुरू
२० ऑक्टोबर २०२४

मामा,

जय भीम. ऑफिसात पत्र उघडलं आणि दोघी-तिघींना वाचून दाखवलं. आमच्या हाताखाली एवढी मोठी इंजिनं चालतात, पण पत्र लिहून इंजिन विचारणारा मामा कोणाकडे नाही.

दहाचं बरोबर आहे. फक्त एक लक्षात ठेवा. कंपनी कागदावर जो जोर छापते तो समुद्रकाठचा आणि पंधरा अंशांचा. नागपुरात पंधरा अंश म्हणजे तुम्ही स्वेटर शोधता. फेब्रुवारीतल्या दुपारी बत्तीस धरले तर दहाचं इंजिन पावणेनऊच किलो जोर देईल. बारा किलोच्या विमानाला गवतावरून उचलायला तेवढा पुरतो.

पण वजन वाढू देऊ नका, हे हात जोडून सांगते. तेराच्या वर गेलं तर दहाचं इंजिन विसरा. साडेपंधराच्या वर गेलं तर ते विमान नाही, फ्रीज आहे. त्याला कुठलंच इंजिन लावायचं नाही, दिवाणखान्यात ठेवायचं. आणि टर्बाईन मोटरसायकलसारखं नसतं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. रिमोटची दांडी पुढे केली की जोर यायला तीन-चार सेकंद जातात. हात आधी चालला पाहिजे, आणि अलगद चालला पाहिजे. तुमच्या हाताची काळजी नाही मला. त्या हातांनी तुम्ही माझ्या कानातला अडकलेला ज्वारीचा दाणा काढला होता.

तुमची पाण्याच्या ग्लासची युक्ती मी इथे सगळ्यांना सांगते. चालू इंजिनाच्या चौकटीवर भरलेला ग्लास ठेवायचा, पाण्यावर वलय उठलं की बेअरिंग संशयी. इथे लाखो रुपयांची यंत्रं तेच सांगतात, जरा उशिरा सांगतात एवढंच.

मामीला सांगा, अक्षर अजून तसंच आहे. चुकून मी वही काढायला लागले होते.

तुमची
मोनाली


जरीपटका, नागपूर
१७ नोव्हेंबर २०२४

मोनाली,

तुझं पत्र मामीने दोनदा वाचून दाखवलं. पावणेनऊचा हिशेब मी स्वतः करायला हवा होता. कागदावरच्या आकड्यावर भरवसा ठेवला, म्हणजे निवृत्ती अंगात भिनली माझ्या.

चाकं आत ओढली जातात आणि बाहेर येतात. रंग पांढरा, पोटाला निळा. मंडळातली पोरं येऊन बघून जातात, फोटो काढतात. एकाने विचारलं, "काका, याले पायलट कुठं बसवता?" मी म्हटलं, "पायलट खालीच राहतो गा, म्हणून तं म्हातारा चालतो."

ताज्या मापाने वजन तेरा किलो आठशे भरलं आहे. दहाचं चालेल ना, ते कळव. मी मंडळाच्या लोकांना सांगून ठेवलं आहे की माझी भाची इंजिनाची डॉक्टर आहे, ती म्हणेल तेच लावणार.

मामा


बेंगळुरू
१ डिसेंबर २०२४

मामा,

तेरा किलो आठशे! तुम्ही मगरीला काय जेवू घातलंत? महिन्याभरात पावणेदोन किलो म्हणजे माझ्याहून वेगाने वाढते आहे ती.

दहाचं चालणार नाही. चौदाचं घ्यावं लागेल. ते इंजिन स्वतःच थोडं जड आहे आणि रॉकेलही जास्त पितं, पण गवतावरून उठायचं तर दुसरा मार्ग नाही. एक तोटा सांगून ठेवते. जोर वाढला की वेग वाढतो, आणि उतरताना विचार करायला वेळ कमी मिळतो. तुम्ही असताना मला त्याची भीती नाही. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर नाही म्हटलं असतं.

आता मात्र वजन थांबवा. फ्रीजची गोष्ट विसरू नका.

मोनाली


जरीपटका, नागपूर
२९ डिसेंबर २०२४

मोनाली,

चौदाचं म्हणालीस, मला मनातून आनंदच झाला. इंजिनवाल्याला मोठं इंजिन कोणी नको म्हणायला लावू नये. मामी मात्र दोन दिवस गप्प होती. मी म्हटलं, "काहून गप्प वं? इंजिन माह्यं, पोट तुह्यं काहून दुखून राहिलं?" तर भाजी निवडायला निघून गेली.

सरावासाठी भैयाजीने थर्माकोलचं छोटं विमान दिलं आहे, विजेवरचं. गेल्या रविवारी उडवलं. वारा जरा आडवा होता. उतरताना थोडं तिरकं गेलं, तुरीत पडलं. कोणाला काही झालं नाही.

विमान आता पंधरा किलो नऊशे आहे. पुढचं तू ठरव. तू नाही म्हणालीस तरी मी ऐकेन, असं मामीला वाटतं. मला तसं वाटत नाही, पण तिच्या समाधानासाठी लिहायला सांगितलं.

मामा


बेंगळुरू
१२ जानेवारी २०२५

मामा,

तुमचं पत्र चार दिवस टेबलावर होतं. साडेपंधराच्या वर गेलं तर इंजिन लावायचं नाही, हे मीच लिहिलं होतं. नियमाने आज मला नाही म्हणायचं आहे. तीनदा लिहायला बसले, तीनदा फाडलं.

मला आमचा ओटा आठवतो. बारावीनंतर बाबा म्हणाले, डी.एड. कर, गावातच नोकरी लागेल. तुम्ही आलात, चहा नको म्हणालात, आणि ओट्यावर बसून राहिलात. भांडला नाहीत, बोललाही नाहीत. सकाळी दहाला बसलात ते दुपारी तीनला बाबांनी इंजिनिअरिंगच्या अर्जावर सही केली तेव्हा उठलात. त्या दिवशी तुम्हाला कोणी नियम दाखवला असता तर मी आज कुठे असते?

म्हणून अठरा किलो जोराचं पाठवते आहे. भेट समजा, ओट्यावरच्या पाच तासांची. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पोचेल. हे इंजिन साधं नाही. आधी पाच-सहा वेळा जमिनीवर चालवा. घाई करू नका. आणि उडवाल त्या दिवशी मी येते. मामीच्या हातची भाकर आणि तुमचं विमान, दोन्ही एका दिवसात.

मोनाली


जरीपटका, नागपूर
५ फेब्रुवारी २०२५

मोनाली,

हे पत्र मामीचं आहे. अक्षरही माझं आणि बोलणंही माझं. ते भैयाजीकडे इंजिन दाखवायला गेले आहेत, तेवढ्यात लिहिते.

बाई, मी तुला फसवलं. विमान पहिल्यापासून बारा किलोचंच आहे. तू लिहिलंस की वजन वाढलं तर इंजिन लावायचं नाही. ते वाचलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. ते सांगायचे बारा किलो शंभर, मी लिहायची तेरा किलो आठशे. वाटलं, तू नाही म्हणशील. तू मोठं इंजिन सांगितलंस. मग मी पंधरा किलो नऊशे लिहिले. तू तर विकतच घेऊन पाठवलंस. मी तीस वर्षं पोरांना बेरीज शिकवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम चुकवली ती अशी अंगावर आली.

त्यांचा उजवा हात कापतो. दोन वर्षं झाली. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या आहेत. सकाळी बरा असतो, दुपारनंतर थांबत नाही. अर्धा कप चहा सवय म्हणून नाही, भरलेला कप सांडतो म्हणून. हातात कागद धरला तर कागद हलतो, म्हणून पत्रं मी वाचते. मला शपथच घातली होती, "मोनालीले सांगू नको वं. तिच्या डोयात माहा हात चांगला राहू दे."

ते थर्माकोलचं विमान तुरीत पडलं नाही. भैयाजीची सून प्रीती खाटेवर बसली होती, तिच्यापासून दोन हातांवर पडलं. वारा नव्हता. मी तिथेच होते. सगळे हसले, तेही हसले. घरी येऊन मोरीत हात पाण्याखाली धरून बसले, किती वेळ बसले मला सांगता येत नाही.

तू विचारशील, वाचताना खोटं का नाही वाचलं, "मोनाली नाही म्हणते" असं का नाही सांगितलं. तेही करून बघितलं. लिहिताना आकडा बदलता येतो. पण त्यांच्या कानाशी तोंड नेलं की माझा आवाजच फुटतो. वजनाची वाक्यं तेवढी गाळत गेले. मोठं इंजिन ऐकून ते म्हणायचे, "पोरगी शिकली आहे, उन्हाचा हिशेब धरून राहिली." त्यांचा तुझ्यावर इतका भरवसा, की एकदाही विचारलं नाही.

भाजीत मीठ कमी आहे, हे मी त्यांना रोज सुनावते. हे एक मला सांगता येत नाही. तू काही तरी कर. काय ते मला माहीत नाही.

शामलामामी


बेंगळुरू
१२ फेब्रुवारी २०२५

मामी,

ही चिठ्ठी तुझ्यासाठी, सोबतचा कागद मामांना वाचायचा.

तुझ्यावर रागावायला बसले होते, जमलं नाही. बारा किलोच्या विमानाला अठरा किलोचं इंजिन म्हणजे दांडी जरा जास्त दाबली गेली की पाच सेकंदांत ते नजरेआड. आणि कापणाऱ्या हातात जरा जास्त दाबणं हे दर मिनिटाला होणार. ते मी पाठवलं. माझं सगळं शिक्षण खर्चून, विचार करून पाठवलं.

त्यांना थांबवायचं तर खरं कारण लिहावं लागेल. मी लिहून पाहिलं. 'मामा, तुमचा हात' एवढ्यावर पेन थांबतो. म्हणून मीही खोटंच लिहिते आहे. तुला वाचायला जमेल का?

मोनाली

(सोबतचा कागद)

मामा,

एक वाईट बातमी. तुम्हाला पाठवलेल्या इंजिनाच्या बेअरिंगबद्दल शंका आहे. त्याच खेपेतली एक-दोन इंजिनं परत मागवली आहेत. कृपा करून ते विमानात बसवू नका, चालवूही नका. पॅक करून मला परत पाठवा. दुसरं यायला बराच काळ लागेल, कदाचित वर्षसुद्धा. तोवर विमान दिवाणखान्यात शोभेल. मला माफ करा.

तुमची
मोनाली


जरीपटका, नागपूर
६ एप्रिल २०२५

मोनाली,

हे पत्र मी स्वतः लिहितो आहे. आज चौथा दिवस. सकाळी गोळी घेतल्यावर तासभर हात ऐकतो, तेवढ्यात पाच-सहा ओळी होतात. पुढे पुढे अक्षर मुंगीएवढं होत जातं, त्याला माझा इलाज नाही. वाचता आलं नाही तर भिंग घे.

तुझा बेअरिंगचा कागद शामलाने वाचला तेव्हा तिचा आवाज फुटला. मला कमी ऐकू येतं, पण तोंड कानाशी होतं. मनात म्हटलं, बेअरिंग संशयी असेल तर घरी बसून कसं कळणार? तेहतीस वर्षं दुसरं काय केलं मी?

भैयाजीच्या विहिरीच्या काँक्रीटवर लोखंडी चौकट बोल्ट मारून बसवली. आवळायचं काम त्याने केलं, मी सांगत होतो. तू पाठवलेलं इंजिन बांधलं आणि चालू केलं. आवाज कानाला कळला नाही, छातीला कळला. हळूहळू पूर्ण जोरावर नेलं. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे. चौकटीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला होता. पोरी, त्या पाण्यावर एक रेघ उठली नाही. इतकी सरळ चालणारी इंजिनं मी नोकरीतसुद्धा थोडीच पाहिली.

मग बंद केलं. तहान लागली होती, तोच ग्लास उचलला. तोंडाशी येईपर्यंत निम्मा शर्टावर. भैयाजी दुसरीकडे बघून म्हणाला, "असू द्या ना भाऊ, पाणीच तं हाय." त्याला माहीत होतं. मला वाटतं पूर्ण मंडळाला माहीत होतं.

घरी येऊन शामलाला म्हटलं, इंजिन एकदम निकोप आहे, आता पत्रं दे. तिने डबा आणून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. मी टेबलावर एकेक पत्र पसरलं, कोपऱ्यांवर नट आवळायचे पाने ठेवले, आणि पहिल्यांदा स्वतः वाचलं. तेरा किलो आठशे. साडेपंधराच्या वर. तुझी चिठ्ठीही वाचली. हसू आलं आधी. नंतर नाही आलं.

रागावलो. मग कळलं की रागावण्यासारखा एक तिसराही माणूस आहे. तिने वजन वाढवलं, तू चांगलं बेअरिंग बिघडवलंस, आणि मी वारा नसताना आडवा वारा सोडला. तिघं शिकलेली माणसं. एकालाही एक ओळ लिहिता आली नाही. तर ती मी लिहितो. माझा हात कापतो. थांबणार नाही, वाढणार आहे, असं डॉक्टर म्हणतात.

इंजिन परत पाठवत नाही. तुझ्या ओट्याचं आहे ते. चौकटीवरच आहे, बांधलेलं, झाकून ठेवलं आहे. विमान शेजारी उभं असतं. उडवायला मंडळातली पोरं तयार आहेत, चांगली उडवतात. मी अजून हो म्हटलं नाही. हे मला कठीण जातं आहे, आणि ते तुझ्यापासून लपवायची ताकद आता उरली नाही.

म्हणून पहिल्यापासून विचारतो. यावेळचे आकडे मी स्वतः घेतले आहेत, शामलाने काट्यावर बघून खात्री केली. विमान बारा किलो शंभर ग्रॅम. धावपट्टी गवताची, एकशे तीस मीटर. ऊन आज बेचाळीस. चालवणारा माणूस वय सदुसष्ट, डावा हात ठीक, उजवा सकाळी तासभर बरा, पुढे नाही. याच्यावर कुठलं इंजिन बसतं, ते हिशेब करून कळव. कुठलंच बसत नाही असं उत्तर आलं तरी चालेल. फक्त माझे आकडे कमी-जास्त करू नकोस. पत्र सरळ माझ्या नावाने टाक, मी टेबलावर ठेवून वाचेन.

संघपालमामा